तेवीस टॉप

नॉर्डाल, नॉर्थ डकोटा
३ नोव्हेंबर १९७७

प्रिय आर्डिस,

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहिते. फोन स्वयंपाकघरात, आणि तो वाजला की तुझा भाऊ टेबलाशी येऊन बसतो, कान टवकारून. ऑर्व्हिलसमोर 'सगळं ठीक' यापलीकडे माझ्या तोंडून काही निघत नाही.

आईला पक्षाघातानंतर घरी आणून चार महिने झाले. तू जूनमध्ये चार दिवस आली होतीस तेव्हा ती हॉस्पिटलात झोपूनच होती, म्हणून आत्ताची सांगते. उजवा हात कोपरात दुमडलाय, तो सरळ होत नाही. बोलणं म्हणजे दोन-तीन शब्द उरलेत. भरवायचं, पुसायचं, उचलून खुर्चीत बसवायचं, खुर्चीतून पुन्हा पलंगावर. अंगाने ती हलकी नाही हे तुला माहीत आहे. ऑर्व्हिल सकाळी धान्याच्या गोदामावर जातो तो जेवायच्या वेळेला उगवतो. आईचे कपडे बदलणं हे मुलाचं काम नव्हे, असं त्याचं म्हणणं. मग कुणाचं, तर जी रक्ताची नाही तिचं. असो.

रोजची मारामारी ब्लाउजशी. तिचे सगळे ब्लाउज पुढून बटणांचे, कडक सुताचे. तो दुमडलेला हात बाहीत घालेपर्यंत अर्धा तास जातो आणि आम्ही दोघी रडकुंडीला येतो. तू तिकडे कापडाच्या दुकानात शिवणाचे वर्ग घेतेस, तर यावर काही तोड सांग.

आणखी एक. मायनॉटच्या डॉक्टरांना दाखवून आले. पोटात गाठ आहे, संत्र्याएवढी. मार्चच्या आत पिशवी काढावी लागेल म्हणाले. ज्या पिशवीने मला एक मूल दिलं नाही, ती जाताना बघ केवढा थाट करते आहे. ऑपरेशननंतर सहा आठवडे काहीही उचलायचं नाही. म्हणजे सहा आठवडे आईला उचलायला दुसरं कुणीतरी हवं, आणि तुझ्याशिवाय कोण आहे? पण तशी घाई नाही. तुझं काम बघून ठरव.

तुझी भावजय,
लव्हॉन


टकोमा, वॉशिंग्टन
१९ नोव्हेंबर १९७७

प्रिय व्हॉनी,

पत्र वाचून जीव गलबलला. तू म्हणजे आमच्या घराला लाभलेलं देवमाणूस आहेस, हे मी इथे सगळ्यांना सांगते. घाई नाही म्हणालीस ते बरं झालं. ख्रिसमसपर्यंत माझे वर्ग खच्चून भरलेत, श्वास घ्यायला फुरसत नाही. जानेवारीचं बघते.

तोवर ती बटणं दे फेकून. सोबत चार वार होजिअरीचं कापड पाठवते आहे, कागदाचा फर्मा आणि गोल टोकाच्या सुयांची पुडी. साधी सुई लावू नकोस, ती धागा तोडते आणि धुतल्यावर भोकं पडतात. आधी कापड धू, मग काप, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटेल. पुढा, पाठ, दोन बाह्या आणि गळपट्टी. झालं. ना चेन, ना काज, ना बटण. गळपट्टी गळ्यापेक्षा आखूड कापायची आणि लावताना ताणून लावायची, एवढंच काय ते कसब. आईच्या उजव्या बाहीचा मुंढा दोन बोटं वाढव. हे कापड अंगाचं ऐकतं. डोक्यावरून सरकलं की काम फत्ते.

आणि एक टॉप स्वतःसाठीही शीव. मी पहिल्या दिवशी वर्गात हेच सांगते. सगळं अंगावर यायला लागलं ना, की मोठं काही हातात घेऊ नका, सोपासा टॉप शिवा. दोन तासांत माणूस पुन्हा माणसांत येतं. माझ्यावर विश्वास ठेव.

आईचा माझ्या वतीने एक पापा घे.

तुझीच,
आर्डिस


नॉर्डाल
११ डिसेंबर १९७७

प्रिय आर्डिस,

शिवला. आणि तुझं म्हणणं खरं निघालं, हे मला कबूल करावं लागतंय, तेही लेखी.

आईच्या अंगात टॉप चार मिनिटांत गेला. ती स्वतःच्या पोटावरून डावा हात फिरवत बसली होती, कापड मऊ लागलं म्हणून. मग मी माझ्यासाठी एक शिवला, मग ऑर्व्हिलला. त्याने घातला, आरशात पाहिलं आणि 'काही वाईट नाही' म्हणाला. तुझ्या भावाकडून याहून मोठी शाबासकी मला चोवीस वर्षांत मिळालेली नाही.

का बरं वाटतं ते मला कळलं. दिवसभर मी जे करते त्यातलं काही संपत नाही. पुसलं की पुन्हा पुसायचं, भरवलं की पुन्हा भरवायचं. टॉप संपतो. शेवटचा धागा कापला की तो संपलेला असतो आणि त्याला कुणी पुन्हा उसवायला लावत नाही. दुपारी आई झोपली की मी तळघरात मशीनपाशी जाते. मशीन चालू असताना डोकं रिकामं राहतं. आत्तापर्यंत पाच झाले.

आता जानेवारीचं सांग. मायनॉटला तारीख द्यायची आहे. रक्तस्राव वाढलाय, हे फक्त तुला सांगते. अगदीच जमत नसेल, तर डॉक्टर म्हणतात, तेवढ्या सहा आठवड्यांपुरतं आईला गावच्या वृद्धाश्रमात ठेवा. फक्त सहा आठवडे. चर्चमधल्या दोघीतिघी तिथे कामाला आहेत, स्वच्छ जागा आहे. पण आधी तुला विचारावं म्हटलं.

ख्रिसमसची बिस्किटं वेगळी पाठवली आहेत, सावकाश खा.

लव्हॉन


टकोमा
६ जानेवारी १९७८

प्रिय व्हॉनी,

पाच टॉप. मी दुकानात उड्या मारल्या. माझ्या वर्गातल्या बायका पाच आठवड्यांत एक शिवतात.

जानेवारी मात्र हुकतोय, रागावू नकोस. नवा वर्ग सुरू होतोय, चाळीस जणींनी नाव घातलंय आणि फेब्रुवारीत दुकानाचा फॅशन शो. मार्च पक्का. माझी मैत्रीण अशीच गाठ घेऊन दोन वर्षं हिंडली, तिला काही झालं नाही. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.

वृद्धाश्रमाचं मात्र डोक्यातून काढून टाक. बाबा गेले तेव्हा आम्ही त्यांच्या उशाशी बसून शब्द दिला होता, की आईला कधी परक्या माणसांच्या हातात देणार नाही. सहा आठवडे असो नाहीतर सहा दिवस. ती तिथे पडून आहे आणि मी इथे हसतखेळत शिकवते आहे, ही कल्पना मला सहन होणार नाही. तू असं लिहिलंस कसं, याचंच मला नवल वाटलं. थकलीस म्हणून लिहिलंस, समजते मी. थकवा आला की काय करायचं ते तुला आता ठाऊक आहेच. आणखी वीस वार कापड पाठवते आहे, निळं आणि किरमिजी.

खूप प्रेम,
आर्डिस


नॉर्डाल
१२ फेब्रुवारी १९७८

प्रिय आर्डिस,

कापड मिळालं. वृद्धाश्रमाचं पुन्हा काढत नाही.

मायनॉटला तारीख मिळाली. चौदा मार्चला ऑपरेशन, तेरालाच भरती व्हायचं. तू बारापर्यंत पोचलीस तर मी तुला सगळं दाखवून जाईन. तेव्हा तिकीट काढलंस की कळव.

इकडे थंडी आहे तशीच आहे. काल शनिवारी गंमत झाली. आईला आंघोळीनंतर नवा किरमिजी टॉप घालत होते, तो गळ्यातून खाली उतरेचना. अर्ध्यावर अडकला. शेवटी कात्री लावावी लागली. नवा कोरा टॉप, एकदाही न घातलेला. तो सोळावा होता. जास्तीचे मी चर्चच्या मिशनच्या खोक्यात टाकते, कुठल्या कुठल्या देशातले लोक माझे टॉप घालून फिरतील.

लव्हॉन


टकोमा
२५ फेब्रुवारी १९७८

प्रिय व्हॉनी,

अगं, तू कापड फिरवून कापलंस. ताण अंगाभोवती आडवा यायला हवा, तू तो उभा ठेवलास. मग डोकं जाईल कसं? ही चूक प्रत्येकीकडून एकदा होतेच. कापायच्या आधी तुकडा दोन्ही बाजूंनी ओढून बघायचा, हे फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. पुढच्या वेळी लक्षात ठेव.

तुझं पत्र मी वर्गात वाचून दाखवलं, ते मिशनच्या खोक्यापर्यंत सगळं. म्हटलं, माझी भावजय घरात आजारी माणूस सांभाळून तीन महिन्यांत सोळा टॉप शिवते आणि वर विनोद करते. बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वतः वर्षभरात तीनच शिवलेत, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

ट्रेनचं तिकीट काढलंय. बारा मार्चला रविवारी दुपारी पोचते. ऑर्व्हिलला स्टेशनवर पाठव. आता निश्चिंत राहा.

आर्डिस


टकोमा
७ मार्च १९७८

प्रिय व्हॉनी,

हे लिहिताना मला किती वाईट वाटतंय ते माझं मला माहीत. आमची मॅनेजरबाई बर्फावरून घसरून पाय मोडून बसली. वसंतातले सगळे वर्ग माझ्या गळ्यात आले. मालक म्हणतो, आत्ता गेलीस तर परत आल्यावर जागा राहील याची खात्री नाही. तिकीट परत केलं.

तारीख महिनाभर पुढे ढकलून घे. एप्रिलमध्ये काय वाटेल ते झालं तरी येते, शब्द आहे माझा.

पार्सलमध्ये पाच टॉपांचं कापड आहे, कापून ठेवलेलं. तुला फक्त शिवायचं. पिवळा तुझ्यासाठी.

तुझी,
आर्डिस


मायनॉट, हॉस्पिटलातून
१७ मार्च १९७८

आर्डिस,

ऑपरेशन झालं. मी तारीख ढकलली नाही.

तुझं पत्र आणि पार्सल शनिवारी आलं. पार्सल मी उघडलं नाही. रविवारी चर्चला गेले, कॉफीला थांबले, कशी आहेस म्हणून विचारणाऱ्या सगळ्यांना 'काही वाईट नाही' म्हणाले. सोमवारी सकाळी आईला धुतलं, भरवलं, खुर्चीत खिडकीशी बसवलं. ऑर्व्हिलच्या हातात कागद दिला, त्यावर औषधांच्या वेळा आणि काय काय करायचं ते. तो म्हणाला, मला हे जमायचं नाही. मी म्हटलं, तर मग आर्डिसला फोन कर. आणि बस पकडली.

आता तुला त्या शनिवारचं सांगते, जे मी गंमत म्हणून लिहिलं होतं आणि तू फळ्यावरचा धडा म्हणून वाचलंस.

कापड मी फिरवून कापलं हे खरं. निळं-किरमिजी काय, मला त्या दिवसांत ताण कुठल्या बाजूला आहे ते बघायचंही भान नव्हतं, खालून रक्त थांबत नव्हतं. टॉप आईच्या नाकावर येऊन अडकला. दुमडलेला हात बाहीत, डोकं आत, कापड तोंडावर घट्ट. ती आतून आवाज करत होती. मी कात्री आणायला तळघरात गेले, कात्री घेऊन वर आले. आणि तिच्यासमोर नुसती उभी राहिले.

किती वेळ ते माहीत नाही. मला घाई वाटत नव्हती. मनात आलं, मी काहीच केलं नाही तरी चालेल. एवढंच मनात आलं, आणि ते फार शांत वाटलं. मग स्वयंपाकघरात केटल शिटी मारायला लागली आणि मी भानावर आले. टॉप कापला. तिचा चेहरा काळानिळा पडला होता. तिने डाव्या हाताने माझा गाल चाचपला. मलाच धीर देत होती.

ज्या पत्रावर तुझ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, ते याबद्दल होतं.

मी तेवीस टॉप शिवले, आर्डिस. तू मोजून खूश होत होतीस म्हणून सांगते ते काय आहेत. प्रत्येक टॉप म्हणजे एक दिवस, ज्या दिवशी मला कोट चढवून घरातून निघून जावंसं वाटलं आणि त्याऐवजी मी तळघरात गेले. तो मला थोपवत होता हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण तू मला कापड पाठवत होतीस आणि मला माणूस हवं होतं. मी तसं लिहिलं नाही? 'घाई नाही' म्हणाले. तू याच गावात वाढलीस. इथे माणूस तीनदा 'राहू दे' म्हणतं आणि समोरच्याने चौथ्यांदा विचारायचं असतं. पाहुण्याला कॉफी विचारतानाही आपण ते पाळतो. टकोमाला जाऊन तू तेवढंही विसरलीस, की विसरणं सोयीचं होतं?

आणि बाबांना शब्द दिला तेव्हा मी स्वयंपाकघरात कॉफी करत होते. शब्द तुम्हा भावंडांचा, पाळायचा मी.

मी त्या घरात राहिले असते तर पुढच्या वेळी केटल वाजली नसती. म्हणून निघाले.

इथून मला माझी बहीण व्हर्ना ग्रँड फोर्क्सला घेऊन जाईल. पत्ता पाठीमागे आहे.

लव्हॉन


नॉर्डाल
१ एप्रिल १९७८

व्हॉनी,

तुझं पत्र मला टकोमाला मिळालं नाही, मी आधीच निघाले होते. ऑर्व्हिलने सोळाला फोन केला आणि फोनवर रडला. त्याला रडताना मी लहानपणीही पाहिलं नव्हतं. अठराला पोचले. शेजारणीने नंतर तुझं पत्र तिकडून पाठवलं. चारदा वाचलं. तू दुखवायला लिहिलंस आणि मला दुखलं, एवढंच.

पंधरा दिवस झाले. माझी कंबर गेली. हातांची सालं निघालीत. ऑर्व्हिल दारात उभा राहून 'लव्हॉन असं करायची, लव्हॉन तसं करायची' एवढं बोलतो आणि गोदामावर निघून जातो. तू यावर आठ महिने काढलेस हे मी आता बघते आहे, आणि मी बघायला हवं होतं. हे मी लिहिलंय, आणखी काय लिहू?

परवा मी आईसाठी टॉप शिवायला बसले. तिचं माप घेतलं, फर्मा काढला, दोनदा उसवला. उजवी बाही बसतच नाही. काखेत काचते आणि ती ओरडते. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना शिकवते आहे आणि स्वतःच्या आईच्या हातावर मला बाही बसवता येईना. शेवटी तू शिवलेला घातला. तो बसला.

पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. आई दिवसभर 'आर्डिस, आर्डिस' करते. पहिल्या दिवशी मी आत गेले तेव्हा तिने हाक मारली आणि माझं रडू आवरेना. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले, म्हटलं, आई, आले मी. तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत पुन्हा हाक मारली. आर्डिस. मी म्हटलं, अगं मीच. ती चिडली. तेव्हापासून हेच चाललंय. माझ्या हातून खात नाही, तोंड फिरवते आणि दाराकडे बघून माझंच नाव घेते. मी ऑर्व्हिलला विचारलं हे काय आहे. त्याने टोपी हातात फिरवली आणि म्हणाला, ती लव्हॉनला हाक मारते आहे.

आठ महिन्यांत एका अक्षराने मला हे कळवलं नाहीस.

मला आठ तारखेला परतायलाच हवं, जागा जाईल. कुणीच नाही म्हटल्यावर मी वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही केली. गुरुवारी, सहा तारखेला, तिला तिथे नेतोय. स्वच्छ जागा आहे, चर्चमधल्या बायका तिथे कामाला आहेत. बाबा असते तर त्यांनाही समजलं असतं, परिस्थितीच अशी आहे.

पण ती खात नाही, व्हॉनी. तिथल्या मुख्य नर्सबाई म्हणाल्या, ओळखीचं माणूस पहिले काही दिवस येऊन बसलं तर रुळेल, नाहीतर अवघड आहे. तू उचलू नकोस काही. नुसती येऊन बस. व्हर्ना तुला गाडीने आणून सोडेल. ती तुला बोलावते आहे. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी ये.

आर्डिस


ग्रँड फोर्क्स
४ एप्रिल १९७८

आर्डिस,

हे पत्र व्हर्नाच्या नवऱ्याकडे देते आहे. तो उद्या त्याच बाजूला जातोय, म्हणजे तुला गुरुवारच्या आत मिळेल.

सही केलीस ते बरं केलंस. मी तीच गोष्ट सहा आठवड्यांपुरती मागितली तेव्हा तू बाबांना थडग्यातून उठवून माझ्यासमोर उभं केलंस. आता त्यांना परिस्थिती समजते. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. काल दिवसभर मी या घरात भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि व्हर्नाने माझ्याशी बोलणं सोडून दिलं होतं.

पण आईचं आई. लिहून घे. कपडे घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. तू चांगला हात आधी घालत असशील, म्हणून बाही काचते. फर्म्यात खोट नाही. सूप कोमट लागतं, आणि चमचा डाव्या बाजूने. भरवताना तिच्याकडे बघायचं नाही, खिडकीबाहेर बघत बसायचं, मग ती खाते. तिला लाज वाटते गं.

आता त्या हाकेचं. जुलैत घरी आणल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिने मला आर्डिस म्हणायला सुरुवात केली. पहिल्यांदा मी सांगितलं, मी लव्हॉन. ती हमसून हमसून रडली. पुन्हा दोनदा सांगून पाहिलं, तेच. म्हणून सांगणं सोडलं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू ते वर्गात वाचून दाखवलं असतंस.

आणि दुसरं कारण सांगते, ते मी ऑर्व्हिललाही सांगितलेलं नाही. मला ते आवडायला लागलं. चोवीस वर्षं त्या घरात मी ऑर्व्हिलची बायको होते. मला कुणी लेकीसारखी हाक मारली नव्हती, मारली तीही दुसरीच्या नावाने. सकाळी तिच्या खोलीत जायच्या आधी मी दाराशी क्षणभर थांबायची, ती हाक मारेपर्यंत. आता इथे सकाळी कुणी हाक मारत नाही तर मला अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. तुला वाटत असेल मी सुटले.

मी येणार नाही. आले तर मी पुन्हा उचलायला लागेन, डॉक्टर काहीही म्हणोत, आणि तू आठ तारखेला निघून जाशील. हे तुलाही माहीत आहे, म्हणूनच तू 'नुसती येऊन बस' लिहिलंस. ऑर्व्हिलला मी वेगळं पत्र घातलंय, रोज संध्याकाळी आईपाशी जाऊन बस म्हणून.

गुरुवारी तिला तिथे ठेवून निघालात की ती दाराकडे बघून हाक मारेल. ती काही परक्या कुणाचं नाव घेणार नाही. आठ महिने तुझ्या नावाच्या हाकेला मी ओ दिली. आता तू दे.

लव्हॉन